लयकारिकेवरचा आळ

'पेशीतील आत्मघाती पिशव्या कोणत्या?' या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असेल. लयकारिका! एक गुण हातचा. त्याच्याच खाली 'पेशीचे ऊर्जाकेंद्र कोणते?' असे विचारलेले असते आणि तिथे आपण तंतुकणिका लिहून मोकळे होतो. यांपैकी पहिला प्रश्न आता पुस्तकांतून आणि प्रश्नपत्रिकांतून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून पेशीच्या मरणाविषयी चुकीची समजूत होते, आणि ती पुढे वर्षानुवर्षे डोक्यातून जात नाही.

हे नाव आले कुठून? बेल्जियममधील लूव्हँ येथे क्रिस्तियान द द्यूव्ह १९४९ च्या सुमारास उंदराच्या यकृतावर इन्शुलिनचा काय परिणाम होतो ते अभ्यासत होते. यकृत वाटून त्यातील एका विकराची क्रियाशीलता मोजली, तर ती अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली. तोच नमुना पाच दिवस शीतकपाटात ठेवून पुन्हा मोजला, तेव्हा ती कितीतरी वाढलेली! याचा अर्थ, विकर एखाद्या पडद्याआड कोंडलेले होते आणि पडदा फाटल्यावर ते बाहेर आले. १९५५ साली या पिशवीचे नाव लायसोसोम ठेवले गेले. आपण तिला लयकारिका म्हणतो. प्रथिने, मेद, कर्बोदके, न्यूक्लिइक आम्ले अशा सर्वांचे पाचन करणारी विकरे तिच्यात असतात. मग ही पिशवी पेशीतच फुटली तर पेशीच पचून जाईल, असा तर्क निघाला आणि त्यातून 'आत्मघाती पिशवी' हे नाव रूढ झाले. द द्यूव्ह यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचा शोध आजही पक्का आहे. कच्चे आहे ते टोपणनाव.

असे का म्हणतो, ते पाहा. लयकारिकेच्या आतला सामू ४.५ ते ५ च्या आसपास असतो, तर बाहेर पेशीद्रव्यात तो सुमारे ७.२ असतो. तिची विकरे आम्लात काम करणारी. एखाददुसरी पिशवी फुटली, तर बाहेर आलेली बहुतेक विकरे तिथे लुळी पडतात. दुसरे असे की, लयकारिका जर मरणाची पिशवी असेल, तर तिच्यात बिघाड झालेल्या पेशी जास्त जगायला हव्यात. प्रत्यक्षात उलट होते. पॉम्पे नावाच्या आनुवंशिक रोगात लयकारिकेतील एका विकराची उणीव असते. तिथे ग्लायकोजेन साठत जाते आणि हृदयाचे व इतर स्नायू दुबळे होतात. हे कारण द द्यूव्ह यांचेच सहकारी हर्स यांनी १९६३ मध्ये दाखवले. उपाशी पेशी आपल्याच जुन्या भागांची मोड लयकारिकेत घालते आणि त्या मालावर तग धरते, हेही आता चांगले माहीत आहे. या स्वभक्षणाच्या अभ्यासाबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

मग पेशी ठरवून मरते तेव्हा तिला मारते कोण?

जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी यांनी १९७२ मध्ये अशा मरणाचे वर्णन केले आणि त्याला अपोप्टोसिस हा ग्रीक शब्द दिला. झाडाची पाने गळावीत तसे गळणे, असा त्याचा अर्थ. पेशी आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात, मग सबंध पेशी लहान लहान पुड्यांत विभागली जाते. या पुड्या शेजारच्या पेशी गिळून टाकतात. आतले काही बाहेर सांडत नाही, म्हणून सूजही येत नाही. विशेष म्हणजे, अशा मरणाऱ्या पेशींत लयकारिका फुटलेल्या नसून शाबूत असतात, हे केर यांनी आधीच टिपले होते. गिळलेल्या पुड्या पचतात मात्र शेजाऱ्याच्या लयकारिकांत. म्हणजे आपण जिला मारेकरीण म्हणतो, ती बिचारी अंत्यविधी करणारी निघाली!

खरा धक्का १९९६ मध्ये बसला. अमेरिकेत अटलांटा येथे शियाओदोंग वांग आणि त्यांचे सहकारी मरणाची यंत्रणा सुरू करणारा घटक शोधत होते. हाती लागले ते सायटोक्रोम-सी, म्हणजे तंतुकणिकेत ऊर्जा तयार होताना इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारे साधे, जुन्या ओळखीचे प्रथिन. ते तंतुकणिकेतून पेशीद्रव्यात आले, की दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटते. अशा सात जोड्यांचे एक चाक बनते आणि ते कॅस्पेज नावाच्या विकरांना जागे करते. ही विकरे पेशीतील निवडक प्रथिने कात्रीसारखी कापत सुटतात. ऊर्जाकेंद्रातच मरणाची किल्ली होती! एका अंगकाला एकच काम, अशा जोड्या लावण्याच्या सवयीत ही गोष्ट बसतच नाही.

या माहितीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. तंतुकणिकेच्या दारावर बीसीएल-२ नावाचे एक प्रथिन पहारा देते आणि सायटोक्रोम-सी बाहेर पडू देत नाही. काही रक्तकर्करोगांत हा पहारा फाजील कडक होतो; मरायला हवी ती पेशी मरत नाही. हा पहारेकरी हटवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ पासून वापरात आले. सगळा दोष लयकारिकेलाच देत बसलो असतो, तर हे औषध सुचले नसते.

लयकारिकेचा कुठेच हात नसतो, असे मात्र नाही. वनस्पतींत पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या तयार होताना त्यांच्या पेशी मरतात. तिथे पाचक विकरांनी भरलेली रिक्तिका फुटते, आणि रिक्तिका ही लयकारिकेची जवळची नातलगच. पण ज्या प्रकाराने आपल्या शरीरात रोज हजारो कोटी पेशी जातात, तो हा नव्हे.

शिक्षकांना एक विनंती. त्या एका गुणाच्या प्रश्नाऐवजी यंदा असे विचारून पाहा : 'सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स' हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कृमी वाढताना त्याच्या शरीरात १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या ठरलेल्या १३१ मरतात. त्या कोण मारते, आणि त्यांचे पुढे काय होते? उत्तराला पाच-सहा ओळी लागतील. तपासायलाही वेळ लागेल, आणि 'लयकारिका' एवढेच लिहिणाऱ्याला किती गुण द्यावेत, याचा विचार करावा लागेल. माझ्या मते अर्धा द्यावा, तोही दुसऱ्या भागासाठी.