पेटीत आलेला अभ्यासक्रम

मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचे, असे ठरवलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'कोणता अभ्यासक्रम घ्यायचा?' यातले क्रियापद पाहावे. अभ्यासक्रम रचायचा नसतो, घ्यायचा असतो. फ्रीज घ्यावा तसा. पालघर-बोईसर परिसरात, विशेषतः बदलीच्या नोकऱ्या असलेल्या घरांत, हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. इतरांना कशाला नावे ठेवा, तीन वर्षांपूर्वी तो आम्हीही विचारला होता. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो; तरीही आमच्या घरी परदेशी अभ्यासक्रमाची पेटी आली. तिच्यातला ऋतूंचा धडा जुलैत निघाला. बाहेर भाताची लावणी चालू होती आणि आमची मुलगी पानगळीची पाने लाल रंगाने रंगवत होती. आम्ही तिला शाबासकी दिली!

घरशिक्षणाचे समर्थक स्वातंत्र्याची भाषा बोलतात. प्रत्यक्षात निवड परीक्षेपासून उलटी सुरू होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला पाच विषय लागतात आणि त्यांत एक भाषा असली की भागते. ती एक भाषा कोणती निवडली जाते, हे सांगायला नको. महाराष्ट्राने 2020 साली कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. पण कायदा शाळांसाठी आहे, घरासाठी नाही. म्हणजे मूल शाळेतून सुटते तेव्हा सर्वांत आधी कशापासून सुटते? मराठीपासून. आणि हे घडवणारे पालक मराठीच असतात.

वास्तविक घरालगत शिक्षण नेण्याचा या देशातला एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. (तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा 2014चा.) ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या; माँटेसोरीची साधने त्यांना पाठ होती. तयार पेटी 'घेणे' त्यांनाही अशक्य नव्हते. पण पाड्यावर ती साधने महाग आणि परकी ठरणार, हे ओळखून त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने हाती घेतली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाच्या हाताशी काय आहे आणि तोंडी कोणती बोली आहे, इथून तो अभ्यासक्रम सुरू होई. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे सरकारी योजनेने उचलला आणि तो एका शैक्षणिक प्रश्नाचे उत्तर होता, हे आपण विसरलो.

मात्र घरशिक्षणवाल्यांनी अनुताईंचा दाखला देऊ नये. जिथे शाळा पोचली नव्हती तिथे त्यांनी ती नेली. आम्ही दाराशी आलेली शाळा नाकारली. हा फरक वर्गाचा आहे, आणि तो झाकणे हा निव्वळ अप्रामाणिकपणा होय. आम्ही शाळा सोडली ते योग्य केले का, याबाबत आम्हा दोघांत आजही एकमत नाही.

बीजगणिताला शिंपले पुरत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. बीजगणितासाठी बालभारतीचे पुस्तक घ्यावे. ते संकेतस्थळावर फुकट मिळते. प्रश्न भाषेचा आणि परिसराचा आहे. पेटीत भरती-ओहोटीचाही धडा होता, आकृत्या सुबक होत्या. लहान भरतीच्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणतात, असे मुलीने विचारले. आम्ही दोघांनी कोश काढले. शेवटी सातपाटीच्या बंदरावर जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना तिनेच विचारले. ते म्हणाले, "भांग." अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, तिथी धरली की पाणी कळते. मराठीच्या दोन प्राध्यापकांना घरापासून काही किलोमीटरवरचा शब्द ठाऊक नव्हता! महिनाभर तिने वहीत एका बाजूला तिथी आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची वेळ लिहिली. आकृती तिला मग समजली. आधी ती नुसती पाठ होती.

पेटी आता माळ्यावर आहे. मुलगी पुढच्या वर्षी चौदा पूर्ण करील, तेव्हा दहावीचा अर्ज भरावा लागेल. भाषेच्या रकान्यात आम्ही मराठी लिहिणार, असे ठरले आहे. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून घ्यायची की तिच्याऐवजी आणखी एखादा विषय, यावर वाद चालू आहे.