अर्धवेळ विद्यार्थ्याची मात्रा

दोन वर्षांपूर्वी दिंडोलीहून एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. लहानपणी दम्याच्या उपचारांसाठी तो माझ्याकडे येत असे. वडिलांना अर्धांगवायू झाल्यामुळे त्याने रिंग रोडवरील कापड मार्केटमध्ये हिशेबनिसाची नोकरी धरली होती आणि बी.कॉम.चे पुढील शिक्षण बाह्य विद्यार्थी म्हणून चालू ठेवले होते. आपल्या मंडळाच्या शैक्षणिक साहाय्याचा त्याचा अर्ज नामंजूर झाला होता. कारण, साहाय्य केवळ ‘नियमित व पूर्णवेळ’ विद्यार्थ्यांसाठी होते. त्या निर्णयावर माझीही सही होती. “सर, अभ्यास तर मी करतोच आहे ना?” या त्याच्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

ही अट केवळ आपलीच नाही. केंद्र सरकारची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील गुणवंतांना मिळते. परंतु अभ्यासक्रम नियमित असावा लागतो, दूरशिक्षण चालत नाही आणि नूतनीकरणासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. अटीमागील हेतू समजण्याजोगा आहे. नुसते नाव नोंदवून पैसे घेणाऱ्यांना आळा बसलाच पाहिजे. परंतु घरावर आपत्ती कोसळली की विद्यार्थी प्रथम सोडतो तो वर्ग. म्हणजे गरज वाढते त्याच दिवशी पात्रता संपते.

अमेरिकेतील व्यवस्था या बाबतीत पाहण्याजोगी आहे. तेथे सत्राला १२ श्रेयांक म्हणजे पूर्णवेळ शिक्षण. गरजू विद्यार्थ्यांसाठीचे पेल अनुदान २०२४-२५ पासून श्रेयांकांच्या थेट प्रमाणात ठरते. ६ श्रेयांक घेणाऱ्यास निम्मे मिळते. सरकारी शैक्षणिक कर्जासाठी मात्र किमान अर्धवेळ नोंदणी लागते. रक्कम घटते, पण दार एकदम बंद होत नाही. आपल्याकडेही २०२१ पासून श्रेयांकांची शैक्षणिक बँक आहे. शिक्षण श्रेयांकांत मोजता येत असेल, तर साहाय्यही मोजता यावे.

आम्ही बालरोगतज्ज्ञ औषधाची मात्रा वजनावरून ठरवतो. दहा किलोच्या बाळाला वीस किलोच्या मुलाची मात्रा देत नाही. पण बाळ लहान आहे म्हणून औषधच नाकारत नाही.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे ब्रीद रुजवले. कमावणे हा शिकणाऱ्याचा दोष त्यांनी कधीच मानला नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा येथे खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या आपल्या बांधवांच्या घरांत तर कमावता-कमावता शिकणारी मुले जागोजागी आढळतील.

म्हणून माझी नम्र सूचना अशी : येत्या सर्वसाधारण सभेत आपल्या अर्जातील ‘पूर्णवेळ’ हा शब्द वगळावा. त्याऐवजी शुल्काची पावती व परीक्षेचा निकाल मागावा आणि घेतलेल्या विषयांच्या प्रमाणात साहाय्य द्यावे. सरकारी नियम बदलणे आपल्या हाती नाही. हा एक शब्द आहे.

तो तरुण यंदा शेवटच्या वर्षाला आहे. शुल्क त्याने स्वतःच भरले. त्याच्यामागून येणाऱ्यांना ते एकट्याने भरावे लागू नये, एवढीच अपेक्षा.