उसण, लाथ आणि शेक

गेल्या आषाढात डोंबिवलीच्या घरी पाण्याची बादली उचलायला वाकलो, तो वाकलेलाच राहिलो. पाठीत उसण भरली!

कल्याणची आमची आत्या पायाळू. पायाळू माणसाने पाठीला हलकेच लाथ मारली की उसण जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. आत्याने पाय लावला. मग कोमट तिळाचे तेल आणि निर्गुडीच्या पाल्याचा शेक. चार दिवसांत मी हिंडूफिरू लागलो. श्रेय सगळे लाथेला; शेकाला कोण विचारतो!

दोन महिन्यांनी उसण परतली. या वेळी मुलाने ठाण्याला एका कायरोप्रॅक्टरकडे नेले. हातांनी मणके हलवण्याची ही विद्या डॅनियल डेव्हिड पामर याने १८९५ साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी सुरू केली. पाठीत कट्कन आवाज झाला. ''बसला मणका?'' मी विचारले.

''मणका नव्हे हो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, तिचा आवाज.'' असे म्हणून त्यानेही शेक, चालणे आणि व्यायामच सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेतही जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम, मालीश आणि मणक्यांवरचे हस्तोपचार शेजारीशेजारी बसले आहेत. कमरेचा पट्टा मात्र सरसकट वापरू नये, असे तीत म्हटले आहे.

दिवाळीच्या तोंडावर आत्याच न्हाणीघरात घसरली. पाठ धरून म्हणाली, ''मला तुझ्या त्या ठाण्याच्या माणसाकडे ने. एकदा कट्कन होऊ दे.''

नेली. त्याने पाठीला हातसुद्धा लावला नाही. ''आजी, तुम्ही पडलात. आधी एक्स-रे काढा.'' आत्या रुसली. एक्स-रेमध्ये मणका दबून मोडलेला निघाला. त्या ठिसूळ हाडावर जोर पडला असता, तर? मला घाम फुटला.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. पडल्यावर पाठ दुखली, सोबत ताप आला, पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर लाथ नको, शेक नको, कट्कन नको, आधी डॉक्टर. साध्या उसणीला शेक घ्यावा, बेताने हिंडावे, अंथरूण धरून बसू नये.

आत्या आता बरी आहे. शेजारीपाजारी अजून पाठ धरून तिच्या दारी येतात. पाय उचलण्याआधी ती दरडावून विचारते, ''पडला नाहीस ना रे कुठे?''