अस्त्र परत घेता येते का?

महाभारतातला सर्वांत किळसवाणा संहार युद्ध संपल्यानंतरच्या रात्री घडतो. हरलेल्या बाजूचे तीन वीर वडाखाली टेकलेले आहेत. झोपलेल्या कावळ्यांवर एक घुबड तुटून पडताना अश्वत्थाम्याला दिसते आणि त्याचा बेत ठरतो. मामा कृपाचार्य समजावतात, की रात्रीपुरता झोप, सकाळी धृतराष्ट्र, गांधारी, विदुराला विचारू. त्यावर अश्वत्थामा जे बोलतो, ते आजच्या कुठल्याही अतिरेकी संघटनेच्या पत्रकात खपून जाईल: भीष्म, द्रोण, कर्ण, दुर्योधन अधर्मानेच पाडले गेले, धर्माचा बांध पांडवांनी आधीच फोडलाय, मग मी एकट्यानेच तो का सांभाळायचा? मग झोपेतल्या छावणीत धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पाचही मुलगे मारले जातात. उपदेश करणारे कृपाचार्य तोवर पळणाऱ्यांना कापायला दाराशी उभे असतात. वाचताना सर्वांत जास्त टोचते ते हेच.

दहशतवादाला बळाने उत्तर देणे धर्माला धरून आहे का, असा प्रश्न आला की आपण गीता उघडतो. त्याच गीतेतून टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मयोग काढला आणि गांधींनी ‘अनासक्तियोगा’त अहिंसा, त्यामुळे वाद तिथेच फिरत राहतो. माझ्या मते या प्रश्नाचा पाठ या संहाराच्या सौप्तिक पर्वात आहे, कारण गीता युद्धाआधीची आणि हा प्रसंग हल्ल्यानंतरचा. मुले गमावलेली द्रौपदी अन्न सोडून बसते आणि न्याय मागते. पांडव निघतात, आणि बळ वापरायला कोणी नको म्हणत नाही. अश्वत्थामा गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, अर्जुनही सोडतो. दोन्हींच्या मध्ये व्यास आणि नारद येऊन उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, म्हणून तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. व्यासांनी दोघांमधला फरक इथे दाखवला आहे. अस्त्र दोघांकडे एकच होते. मागे घेण्याची ताकद एकाकडेच होती, आणि ती व्रतस्थ असण्यातून आली होती. श्रद्धेचा बळाशी काही संबंध असेल तर तो मला एवढाच दिसतो.

बंदूक समोर रोखलेली असते त्या क्षणी तत्त्वचर्चेला वाव नसतो, हा आक्षेप रास्त आहे. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी मुंबईवरच्या हल्ल्यातील दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सहकाऱ्यांनी त्याला जिवंत पकडले. पहलगामला 22 एप्रिल 2025 रोजी धर्म विचारून माणसे मारली जात असताना घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह यानेही हल्लेखोराची बंदूक हिसकावण्याचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला. मारणारा हात अडवणे, गरज पडली तर तो कायमचा थांबवणे, याला कुठल्याही धर्माची आडकाठी नाही. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधींनीही 1920 साली लिहून ठेवले, की भित्रेपणा आणि हिंसा एवढेच पर्याय असतील तर मी हिंसा सुचवीन. नैतिक प्रश्न खरा उभा राहतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, हल्लेखोर मेल्यावर किंवा कोठडीत गेल्यावर.

कसाबवर खटला चालवण्यात पैसा आणि वेळ वाया गेला, असे तेव्हा चौकाचौकात ऐकू येत होते. त्याच खटल्यात न्यायालयाने कसाबला फाशी दिली आणि त्याच्यासोबत आरोपी केलेल्या दोन भारतीयांना पुराव्याअभावी सोडले. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी कायम केल्या. अस्त्र मागे घेणे म्हणतात ते हेच. ते वेळेत घेतले नाही तर काय होते, हे मालेगाव सांगते. 2006 साली शब-ए-बारातच्या दिवशी तिथे स्फोट झाले. मेले ते मुसलमान, आणि पकडले तेही मुसलमान. त्यांना दोषमुक्त व्हायला 2016 उजाडले. 2006च्याच मुंबईतील लोकल स्फोटांतील बाराही आरोपींना उच्च न्यायालयाने जुलै 2025मध्ये निर्दोष ठरवले. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. पण भलताच माणूस आत बसला असेल तर खरा गुन्हेगार तेवढी वर्षे मोकळा फिरतो. हा हिशेब कठोर कारवाईच्या भोक्त्यांनीच आधी मांडायला हवा.

9/11च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या काँग्रेसने 14 सप्टेंबर 2001 रोजी अध्यक्षांना बळ वापरण्याचे जे अधिकार दिले, त्याच्या विरोधात एकच मत पडले, बार्बरा ली यांचे. आपण ज्या दुष्टपणाचा निषेध करतो तोच आपल्यात येऊ नये, या एका धर्मगुरूच्या प्रार्थनेचा त्यांनी भाषणात आधार घेतला होता. त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. दोन दशके उलटल्यावरही तो ठराव लागूच राहिला. काडीवर सोडलेले अस्त्र.

हल्लेखोर धर्माचे नाव घेऊन येतात, तर त्या धर्माच्या लोकांनी जबाब का देऊ नये, असेही विचारले जाते. मुंबईने त्याचे उत्तर दिले आहे. 26/11च्या नऊ मेलेल्या हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या विश्वस्तांनी साफ नकार दिला. मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे.च्या शवागारात पडून राहिले आणि शेवटी सरकारला ते गुपचूप पुरावे लागले. आणखी कोणता जबाब हवा?

अश्वत्थाम्याला जिवंत सोडले ते तो ब्राह्मण आणि गुरुपुत्र होता म्हणून, हा खोचक मुद्दा मला मान्य आहे. जात पाहून दिलेली दया हा न्याय नव्हे, आणि दया हा माझा मुद्दाही नाही. अपराध्याला शिक्षा पूर्ण व्हावी, पण ती त्याच्यापाशी थांबावी. पहलगामनंतर काही दिवसांतच काश्मीरमध्ये संशयित अतिरेक्यांची घरे स्फोटकांनी उडवण्यात आली. त्या घरांत आईबाप, भावंडे राहत होती. इतर राज्यांत शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना धमकावले गेले. गर्भाकडे वळलेले अस्त्र यापेक्षा वेगळे काय असते?

भागवतातली द्रौपदी बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडा म्हणते, कारण आपल्यासारखे आणखी एका आईला रडावे लागू नये. पहलगामला पती गमावलेल्या एका तरुणीने त्याहून कमीच मागितले होते. न्याय हवा, पण मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, एवढेच तिचे म्हणणे होते. त्यानंतर कितीतरी दिवस समाजमाध्यमांवर तिला शिव्या पडत होत्या.