लॅपटॉप म्हातारा झाला, की नुसता थकला?

घरातला सहा-सात वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं घेऊ लागला, की ‘आता नवाच घ्या’ असा सल्ला लगेच मिळतो. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यासाठी हा सल्ला तीस-चाळीस हजारांचा असतो. म्हणून आधी निदान, मग उपचार, हा वैद्यकातला नियम इथेही पाळावा.

लॅपटॉप मंदावतो तेव्हा दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. जुन्या यंत्रांतली हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. हवी ती माहिती शोधायला तिला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळ पुरतो. ‘टास्क मॅनेजर’ उघडून पाहा. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर एसएसडी बसवा. मेमरी भरलेली दिसत असेल, तर रॅम वाढवा. मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. हे पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारून घ्यावं.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा-सेवाही ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहे. विंडोज ११ मात्र २०१८पूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही ते निवृत्त ठरतं. हे मला पटत नाही. इंटरनेट, लेखन, ऑनलाइन तासिका एवढंच काम असेल, तर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली टाकून तोच लॅपटॉप आणखी काही वर्षं वापरता येतो. पण सुरक्षा-अपडेट न मिळणाऱ्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

तिसरी तपासणी बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेनं लवकर झिजते आणि नाशिकचा उन्हाळाही आता सौम्य राहिलेला नाही. टचपॅड वर उचललं गेलं किंवा तळ फुगला, तर वापर तत्काळ थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. ती पेट घेऊ शकते. अशा वेळी काटकसर नको, बॅटरी बदलावीच.

नवा लॅपटॉप कधी घ्यावा? मदरबोर्ड गेला असेल, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, किंवा अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर जुन्यावर चालतच नसेल तेव्हा. एरवी घाई नको. कारण लॅपटॉपमुळे होणारं बहुतांश कर्बउत्सर्जन वापरताना नव्हे, तो बनवतानाच झालेलं असतं.

शिवाय फेकलेला लॅपटॉप नाहीसा होत नाही. २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला; त्यातल्या पाव हिश्शावरही रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद नाही. उरलेल्यातला बराचसा भंगारात तोडला जातो, तारा जाळल्या जातात. त्यातून सुटणारं शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरतं. म्हणून जुना लॅपटॉप घंटागाडीत किंवा भंगारवाल्याकडे देऊ नका. त्यातली माहिती पुसा आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रात जमा करा.

नवं घेण्यात कमीपणा नाही. पण एका सुट्या भागासाठी अख्खं यंत्र मोडीत काढणं खिशाला परवडत नाही आणि त्याची किंमत भंगाराच्या धुरात वाढणारी मुलं मोजतात.