हळहळ अमेरिकेची, हिशेब खकनारचा

निवृत्तीनंतर वाचन वाढलं. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ (१८७३) वाचली. अर्पण केलीय अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्यांना! बाबासाहेबांनीही १९४६ च्या सुमारास तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. दोघांनाही तिथलं दुखणं आणि इथलं दुखणं सख्खं वाटलं.

आपल्याकडे काय? टीव्हीवर काळ्यांचे हाल पाहून हळहळायचं आणि खकनारच्या कोरकू माणसाला ‘अतिक्रमणवाला’ म्हणायचं. अहो, जंगलात तो आधी आला की इंग्रजांचा १८७८ चा वनकायदा? २००६ चा वनाधिकार कायदा स्वतःच म्हणतो की या लोकांवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला. हे कुणा चळवळ्याचं भाषण नाही, संसदेचा कायदा आहे.

‘आम्ही मेहनतीने वर आलो’ म्हणता? मान्य. पण खसऱ्यात आपल्या आजोबांचं नाव चढलं, त्याच्या आजोबांचं का नाही? मेहनत त्यांनी कमी केली होती का? मी बँकेतला माणूस. मागची देणी लपवून काढलेला ताळेबंद खोटाच.

नातवंडांना अमेरिका जरूर सांगा. पण आधी बाजारात त्या म्हाताऱ्या कोरकूला अरे-तुरे करणं थांबवा.