आकृति आधीं, उत्तर मागाहून

वरच्या वर्गांत यंत्रशास्त्राचें उदाहरण घातलें कीं बहुतेक हात प्रथम सूत्राकडे धांवतात. ही घाई आम्हांस घातक वाटते. कां, तें पाहा.

तीस अंशांच्या गुळगुळीत उतरणीवर २ किलोग्रॅमचा ठोकळा आहे. माथ्यावर २ किलोग्रॅमचीच भरीव चकती आंसावर बसविली असून, तिच्या कडेस गुंडाळलेली दोरी उतरणीस समांतर येऊन ठोकळ्यास बांधिली आहे. ठोकळा सोडला, त्याचें त्वरण किती?

ठोकळ्यास उतरणीवरून ओढणारें बल ९.८ न्यूटन. सूत्रप्रिय विद्यार्थी म्हणतो, "मग दोरीचा ताणही तेवढाच!" आणि तो चकतीच्या समीकरणांत घालून मोकळा होतो. बरें, ताण तेवढाच असेल तर ठोकळ्यावर बल उरलें किती? शून्य. म्हणजे ठोकळा जागच्या जागीं, आणि चकतीची कड मात्र वरून सोडलेल्या दगडाच्या त्वरणानें फिरत सुटली! मग दोरी उलगडून जाणार कोठें?

दोन वस्तूंच्या दोन आकृत्या निराळ्या काढिल्या असत्या, तर ताण अज्ञात आहे हें डोळ्यांसच दिसलें असतें. ठोकळ्याकडून: ९.८ मधून ताण वजा जातां त्वरणाची दुप्पट राहते. चकतीकडून: तिचें जडत्व-आघूर्ण म्हणजे वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराचें निम्में; त्रिज्या दोन्हीं बाजूंनीं उडते व ताण संख्येनें त्वरणाइतकाच उरतो. तेव्हां त्वरण ९.८ चा तिसरा हिस्सा, सुमारें ३.२७ मीटर प्रति सेकंद वर्ग. पडताळाही सोपा आहे. ठोकळा उतरणीवर एक मीटर सरकला कीं ९.८ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तींतील दोन हिस्से ठोकळ्याच्या गतींत व एक चकतीच्या फिरण्यांत सांपडतो. (गॅलिलिओनें १६३८ च्या ग्रंथांत उतरणीवरून गोळा सोडण्याचे प्रयोग वर्णिले आहेत. न घसरतां गडगडणारा भरीव गोळाही गुळगुळीत उतरणीवरील ठोकळ्याच्या पांच-सप्तमांश त्वरणानेंच येतो. तेथेंही फिरण्याचा वाटा द्यावा लागतो.)

पालकांस आमची विनंति ही कीं, वही पाहतांना "उत्तर जुळलें का?" एवढ्यावर थांबूं नये. उत्तर शेजाऱ्याच्या वहींतूनही जुळतें. "हा बाण कोणत्या बलाचा?" असें विचारावें, त्यासाठीं स्वतःस गणित येण्याची गरज नाहीं. परीक्षेंतही अर्ध्याहून अधिक गुण आकृति व समीकरणें यांसच असावेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांनीं आतां हीच उतरण खडबडीत धरावी. ठोकळ्याच्या आकृतींत एक बाण वाढेल. चकतीची आकृति तशीच राहील.